नागोयातलं वांगं आणि बार्शीचा चंबू

मामांचा फोन रविवारी येतो. तिकडे बार्शीत सकाळचे साडेसहा, इकडे जपानात, नागोयाला, दहा. गेल्या रविवारी प्रकृतीची चौकशी दोन मिनिटांत संपली आणि गाडी नेहमीच्या रुळावर आली. "अरे, जपान बघ. सगळं विज्ञान त्यांनी आपल्या भाषेत केलं. आणि आपली पोरं 'मराठीतून इंजिनिअरिंग' म्हटलं की हसतात."

मामा बार्शीत अडतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले. २०२१ मध्ये अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला परवानगी मिळाली, २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली. या दोन्ही बातम्या त्यांनी मला लग्नपत्रिकेसारख्या पाठवल्या होत्या. मी "छान" म्हणतो. पण जपानचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. महाराष्ट्रात ज्याला वाद जिंकायचा असतो तो जपानला साक्षीला बोलावतो. शिस्त हवी, जपान. स्वच्छता हवी, जपान. मातृभाषा हवी, जपान. चौदा वर्षं इथे राहणाऱ्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही.

म्हणून मामांना ओसावांची गोष्ट सांगितली. एइजी ओसावा हे रसायनशास्त्रज्ञ. मुलगा फुटबॉल खेळत होता, तो बघताना त्यांच्या लक्षात आलं की कोरॅन्युलिन नावाच्या वाडग्यासारख्या रेणूचा आकार म्हणजे त्या चेंडूचाच एक तुकडा. मग अख्खा चेंडू का नसावा? साठ कार्बन, बारा पंचकोन, वीस षट्कोन. १९७० मध्ये त्यांनी ही कल्पना लिहिली आणि छापली. जपानीत. बाहेरच्या जगात कुणी वाचली नाही. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना तोच रेणू प्रत्यक्ष सापडला आणि १९९६ चं नोबेल त्या तिघांना मिळालं. "बघा मामा, मातृभाषेत लिहिलं की असं होतं," मी म्हणालो. जरा जास्तच खुशीत म्हणालो.

मास्कावांची गोष्ट सांगितली नाही. ते याच नागोयाचे, इथल्याच नागोया विद्यापीठात शिकलेले. २००८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेले आणि व्याख्यान चक्क जपानीत दिलं. ही गोष्ट मामांच्या हाती लागली असती तर पुढचे सहा रविवार माझी सुटका नव्हती.

खरं सांगायचं तर इथलं विज्ञान ना धड जपानी, ना धड इंग्रजी. आमच्या झेमीत, म्हणजे प्रयोगशाळेच्या चर्चासत्रात, स्लाइड इंग्रजीत, वाद जपानीत, आणि पेपर अर्थातच इंग्रजीत. आमच्या शहरातलं अलीकडचं मोठं काम घ्या: केनइचिरो इतामी आणि यासुतोमो सेगावा यांच्या गटाने २०१७ मध्ये बनवलेला कार्बन नॅनोबेल्ट. बेंझिन म्हणजे सहा कार्बनचं वलय. अशी बारा वलयं कडेला कडा जोडून बंद केलेला पट्टा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नॅनोनळीची कापलेली एक चकतीच. अशा पट्ट्याची कल्पना १९५४ पासून कागदावर होती. बेंझिनला सपाट राहायला आवडतं, वाकवायला गेलं की ते त्रागा करतं, म्हणून साठ वर्षं कुणाला जमलं नाही. यांनी पॅराझायलीनपासून अकरा पायऱ्या चढून आधी सैल कडं तयार केलं आणि अगदी शेवटी निकेलच्या मदतीने कडा सांधल्या. ताण सगळा शेवटच्या पायरीवर ढकलला. हातात आला तो लाल घन पदार्थ. जाहीर कुठे केलं? 'सायन्स'मध्ये, इंग्रजीत. मी त्या गटातला नाही, पण वलयं जोडण्यात माझीही उमेदीची वर्षं गेली आहेत, त्यामुळे त्या शेवटच्या पायरीला किती रात्री लागल्या असतील याचा अंदाज मला आहे. माझ्या पीएचडीच्या दिवसांत एक रिएजंट, म्हणजे प्रयोगाला लागणारं रसायन, यायला चार महिने लागले होते. इथे उद्या दुपारी येतं. ते काही भाषेमुळे नव्हे.

एवढं बोलून मी फोन ठेवला, आणि कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, भाताचा गोळा गरम करून घेताना लक्षात आलं की मामांचं निम्मं म्हणणं मी खाऊन टाकलं होतं.

कारण इथे बेंझिनच्या वलयाला पोरं 'कामे नो को' म्हणतात. कासवाची पाठ. गोल बुडाच्या, मानेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या फ्लास्कला 'नासु' म्हणतात. नासु म्हणजे वांगं. "ते शंभरचं वांगं दे रे," असं पीएचडीची मुलगी सहज म्हणते आणि तिच्या बाजूचा देतो. इव्हॅपोरेटरचं 'एबापो' झालं, कॉलमचं 'कारामु'. मूळ शब्द परका आहे याची त्यांना लाजही नाही आणि अभिमानही नाही. 'तान्सो' म्हणजे कार्बन, हा शब्द उदागावा योआन नावाच्या विद्वानाने डच पुस्तकं चाळून घडवला. त्याचा ग्रंथ १८३७ पासून छापला जाऊ लागला. आपल्याकडे त्याच सुमारास, १८३२ मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' सुरू झालं होतं. म्हणजे सुरुवात करायला आपल्याला फार उशीर झाला नव्हता.

शब्द आपल्याकडेही होते. शाळेत मी चंचुपात्र म्हणत असे, परीक्षानळी म्हणत असे. आणि चंबू. गोल बुडाचा चंबू! आजी देवाजवळ ज्यातून पाणी ओतायची तोच शब्द प्रयोगशाळेत, याचं मला सातवीत फार अप्रूप वाटलं होतं.

पुढे पुण्यात एमएस्सीला पहिल्याच प्रॅक्टिकलला मी शेजाऱ्याला म्हणालो, "तो चंबू इकडे दे." आख्खं टेबल हसलं. वाईट मनाने नव्हे, बहुधा. सरही हसले. वर्षभर मला चंबू नाव पडलं. तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून एकदाही गेला नाही, पुण्यात नाही, नागोयात नाही, घरी मुलीला अभ्यास शिकवतानाही नाही. वांगं मात्र मी चौदा वर्षं बिनदिक्कत म्हणतो. दुसऱ्याच्या भाषेतलं वांगं चालतं, स्वतःच्या भाषेतला चंबू चालत नाही, आणि वर मामांना उपदेश करायला मी मोकळा.

या रविवारी मीच फोन केला. मामा सावध होते. मी म्हटलं, ते नॅनोबेल्टचं नीट सांगतो. "बेंझिनच्या मण्यांची माळ समजा, तिच्यातला प्रत्येक मणी जागच्या जागी फिरू शकतो. तशा रेणूला सायक्लोपॅराफिनायलीन म्हणतात. पहिले २००८ मध्ये अमेरिकेत जास्ती आणि बर्टोझ्झी यांनी केले, पुढच्याच वर्षी इतामींनीही केले. पण पाटली असते ना मामा, मामीची, अखंड, तिच्यात काही फिरत नाही. बेल्ट म्हणजे ती पाटली." इतका वेळ मी मराठीत रसायनशास्त्र बोललो नव्हतो. मध्ये दोनदा अडकलो. एकदा जपानी शब्द आला, एकदा काहीच आलं नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि याला मराठीत काय म्हणतोस?"

"नॅनोबेल्टच."

"कर्बकंकण म्हण."

मला हसू आलं. इतकं ठेवणीतलं नाव! पुण्यातलं ते टेबल आठवलं. "बघू," म्हणालो.

सोमवारी नवा नमुना वाळला. काचेच्या छोट्या बाटलीवर लेबल लावलं, तारीख टाकली, आणि का कोण जाणे, खाली देवनागरीत 'कर्बकंकण' लिहिलं. आमचं वलय पट्टासुद्धा नाही, नुसती माळच आहे, तरी लिहिलं. दुपारी माझा विद्यार्थी बाटली उजेडात धरून म्हणाला, "सेन्सेई, हे काय लिहिलंय?"

बॅच नंबर आहे, म्हणालो.