पंख्याचा आवाज नंतर काढता येतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिरत्या (स्टुडिओबाहेर जाऊन केलेल्या) रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉप कसा निवडावा, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. बिनपंख्याच्या लॅपटॉपचा आग्रह म्हणजे फाजील लाड, कारण पंख्याचा आवाज सॉफ्टवेअरने नंतर काढता येतो. त्याच पैशांत कितीतरी वेगवान गेमिंग लॅपटॉप मिळतो. आणि ‘८ जीबी रॅमवर भागेल’ असं सांगून मी विद्यार्थ्यांना खड्ड्यात घालतोय.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. नुसतं रेकॉर्डिंग ८ जीबीत होतं. पण त्याच मशिनवर पुढे मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचे संच) उघडल्या की रॅम बघता बघता संपते. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे: किमान १६ जीबी.

पंख्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि त्याला कारण आहे.

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर मी एका वयोवृद्ध गायिकेचं गाणं रेकॉर्ड करायला गेलो होतो. एप्रिलची दुपार. खिडक्या लावून घेतलेल्या, छताचा पंखा बंद. दोन तानपुरे, दोन कंडेन्सर माइक आणि भाच्याचा गेमिंग लॅपटॉप. विलंबित रंगात आलं आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला. हेडफोनमध्ये मला तो स्पष्ट ऐकू येत होता, पण बाईंना मध्येच थांबवायची हिंमत झाली नाही.

घरी येऊन तुम्ही म्हणता तेच केलं. माझ्याकडच्या नॉइज रिडक्शनला, म्हणजे गोंगाट कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरला, आधी निव्वळ गोंगाटाचा एक तुकडा दाखवावा लागतो. तो आणायचा कुठून? तानपुरा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजत होता. नुसता पंखा असा एक सेकंदही सापडला नाही. शिवाय एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा त्या सॉफ्टवेअरचा ठोकताळा. तानपुरा नेमका तसाच असतो! पंखा थोडा कमी झाला, पण तानपुऱ्याच्या जवारीची झणझण पुसली गेली आणि स्वर पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येऊ लागले. भाषणाच्या रेकॉर्डिंगवर हीच सॉफ्टवेअरं उत्तम चालतात, तुमचा अनुभव कदाचित तिथला असेल. पण बाईंचं त्या दिवसाचं गाणं आमच्याकडे आहे ते पंख्यासकटच.

आता वेग. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर दोन माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग म्हणजे साधारण १ जीबी. तीन तासांची बैठक ३ जीबीत बसते. एवढ्याला वेगवान प्रोसेसर लागत नाही. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येईल ही भीती असेल, तर इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर) डायरेक्ट मॉनिटरिंग असतं. आवाज लॅपटॉपमधून फिरून येतच नाही. रेकॉर्डिंगमध्ये चटचट येते तीही पुष्कळदा प्रोसेसर कमी पडल्यामुळे नव्हे, तर वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याला अडवून धरतो म्हणून. विंडोजवर लेटन्सीमॉन हे तपासणी करणारं सॉफ्टवेअर चालवलंत की दोषी ड्रायव्हर कोणता ते कळतं. महागड्या मशिनवरही हे होतं.

बॅटरीचा मुद्दा मी लेखात पुरेसा मांडला नव्हता. जुन्या वाड्यांत अर्थिंगचा भरवसा नसतो. चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते आणि काढला की जाते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. म्हणून अख्खी बैठक बॅटरीवर निघायला हवी, आणि गेमिंग लॅपटॉप इथेच धापा टाकतो.

घरात बसून बीट्स बनवायचे, भरपूर प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरं) लावून मिक्सिंग करायचं, तर तुमचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि ज्यांच्याकडे गेमिंग लॅपटॉप आधीच आहे त्यांनी नवा घेऊ नये. माइकच्या १० मीटरच्या दोन एक्सएलआर केबल घ्याव्यात, लॅपटॉप आणि इंटरफेस शेजारच्या खोलीत ठेवावा आणि मधलं दार लोटून घ्यावं. त्या वाड्यात शेजारी रिकामी खोली होती. माझ्याकडे केबल ३ मीटरच्याच होत्या.