तुकडी आपोआप कशी बंद पाडावी

तुमच्या संस्थेच्या पेठेतल्या जागेवर पार्किंग काढायचे मनात आहे आणि व्यवसाय अभ्यासक्रमाची एक तुकडी आडवी येते आहे? बंद करण्याचा ठराव करू नका. ठराव झाला की माजी विद्यार्थी जमतात. पट घटू द्या, पुढचे काम कागद करतात.

सुरुवात अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशापासून. फॉर्ममध्ये तुमच्या महाविद्यालयाचा कोड कोणता, हे दहावीच्या मुलांना कळू देऊ नका. एखादी आई चौकशीला आलीच, तर टक्के विचारा, सुस्कारा टाका आणि म्हणा, ‘सायन्सला नाही लागला तर आणा.’ बारावीनंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली भोसरी-चाकणच्या कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येते, हे चुकूनही बोलू नका. त्याच एका माहितीवर प्रवेश होतात.

सर निवृत्त झाले की पद रिकामे ठेवा. फारच ओरड झाली तर तासिका तत्त्वावर माणूस घ्या, तोही दिवाळीच्या तोंडावर, आणि मानधन मार्चनंतर द्या. ज्याला खरोखर लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापून घडवायचे यंत्र) चालवता येतो तो तेवढ्यावर थांबत नाही. मग भौतिकशास्त्राचे सर आहेतच. फळ्यावर लेथची आकृती ते सुबक काढतात.

वर्कशॉपकडे मात्र जातीने लक्ष द्या. दोन लेथ, वीस मुले, ऐंशी मिनिटांचे प्रॅक्टिकल, म्हणजे एकेकाला आठ मिनिटे. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) पकडून कापायचे टूल जॉबच्या सेंटरच्या उंचीला लावण्यातच ती जातात. टूल खाली राहिले की फेसिंग करूनही, म्हणजे समोरचे तोंड सपाट कापूनही, जॉबच्या मध्यावर बारीक टोक उरते, आणि पोराला वाटते, आपल्यालाच जमत नाही. तरीही कोणी टिकलाच, तर विजेची मदत घ्या. थ्री-फेजमधली एक फेज गेली की मोटर सुरू होत नाही, नुसती गुरगुरते, आणि बंद केली नाही तर वाइंडिंग जळते. म्हणून फेज जाताच मोटर बंद करणाऱ्या सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचा खर्च नामंजूर करा. मोटर जळाल्यावर रिवाइंडिंगसाठी तीन कोटेशन मागवा. तिसरे येईपर्यंत प्रॅक्टिकल परीक्षा उरकते (मार्क सगळ्यांना चांगले द्या, म्हणजे तक्रार नाही).

३० सप्टेंबरचा पट महत्त्वाचा. आधारवर ‘गणेश’ आणि दाखल्यावर ‘गणेशकुमार’ असेल तर दुरुस्तीला मुलाला एकट्यालाच पाठवा. आधार जुळले नाही की डोके मोजणीतून गेले. पटावरून पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत पद गेले. उरलेले निदेशक अतिरिक्त ठरून समायोजनाच्या, म्हणजे दुसरीकडे पाठवायच्या, यादीत गेले.

लेथ भंगारात देण्याआधी डेडस्टॉक (टिकाऊ सामानाच्या) रजिस्टरमधून त्यांचे निर्लेखन, म्हणजे नोंद वजा, तेवढे करून घ्या. ते राहिले तर ऑडिटमध्ये प्रश्न विचारतात.