टपालवाला पत्रं गाळत असेल तर

नमस्कार,

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की सामाजिक शास्त्रांमध्ये सिद्धांत कशाला म्हणायचं हे बऱ्याच अंशी जर्नलं, म्हणजे संशोधन छापणारी नियतकालिकं, ठरवतात, त्यामुळे या शास्त्रांच्या तत्त्वज्ञानाबद्दल लिहिणाऱ्यांनी छपाईच्या व्यवस्थेकडे काणाडोळा करू नये. त्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. इतर वाचकांसाठी तिचा सारांश देतो. सिद्धांत खरा की खोटा हे तो कुठे छापून आला यावरून ठरत नाही; जर्नल म्हणजे नुसता टपालवाला, पत्रातल्या मजकुराशी त्याचा काय संबंध? मी तत्त्वज्ञानाच्या नावाखाली समाजशास्त्र खपवतोय. दुसरं म्हणजे दोष मी म्हणतो तसा सिद्धांतांच्या सुळसुळाटाचा नाही, ढिल्या पिअर रिव्ह्यूचा (म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातले तज्ज्ञ, रेफरी, करतात त्या तपासणीचा) आहे. पुरावा सोकल प्रकरण, म्हणजे एका जर्नलने थट्टेचा लेख खरा समजून छापला ते. तिसरं, माणसं आणि समाज बदलत राहतात, म्हणून जुना प्रयोग पुन्हा जमला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय मी प्रकाशन कंपन्यांच्या नफ्याबद्दल चकार शब्द काढला नाही, हीही तक्रार आहे.

नफ्याचं आधी संपवतो. विषय महत्त्वाचा आहे, पण वेगळा आहे. उद्या सगळी जर्नलं फुकट वाचायला मिळू लागली तरी कुठला निष्कर्ष छापायचा आणि कुठला बाजूला ठेवायचा याची खोड तशीच राहू शकते. मी लिहितोय ते त्या खोडीबद्दल.

आता पहिला मुद्दा, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. तुमच्या म्हणण्यामागे तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९३८ मध्ये मांडलेला भेद आहे: कल्पना सुचण्याचा संदर्भ निराळा, तिच्या समर्थनाचा संदर्भ निराळा. कल्पना स्वप्नात सुचली की भांडणात, काही बिघडत नाही. पुरावा काय ते दाखवा. हे मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न इतकाच की छपाई यातल्या कुठल्या खान्यात बसते. तुम्ही ती पहिल्यात टाकली. मी ती दुसऱ्यात टाकतो, कारण सामाजिक शास्त्रांत आपण पुरावा म्हणून ज्याकडे बोट दाखवतो तो बहुतेक वेळा छापून आलेल्या अभ्यासांचा ढीगच असतो. टपालवाला मजकुरात ढवळाढवळ करत नाही, कबूल. पण नकाराची पत्रं तो वाटेतच गाळत असेल तर? माझ्या हाती पडलेलं प्रत्येक पत्र अस्सल असूनही त्यांवरून लोकांचं मत काय ते मला सांगता येणार नाही.

ही गळती नुसती तर्कातली नाही. थिओडोर स्टर्लिंग यांनी १९५९ मध्येच मानसशास्त्राची जर्नलं तपासली होती. सार्थकतेची चाचणी (सापडलेला फरक नुसता योगायोग तर नाही ना, हे पाहणारी) वापरणाऱ्या लेखांपैकी सुमारे ९७ टक्क्यांमध्ये शून्य गृहीतक, म्हणजे 'काहीच फरक नाही' हे, फेटाळलेलं, म्हणजे लेखकाला हवा तो निकाल लागलेला! इतके अचूक अंदाज बांधणारं शास्त्र असतं तर आपण हा वाद घालतच बसलो नसतो. पण न छापलेलं मोजायचं कसं, ही अडचण पुढे बरीच वर्षं राहिली. ती फ्रँको, मल्होत्रा आणि सिमोनोविट्स यांनी २०१४ मध्ये छान सोडवली. अमेरिकेत एका कार्यक्रमाखाली सर्वेक्षणातले प्रयोग आधी तज्ज्ञांकडून तपासून मग राबवले जातात, आणि प्रत्येकाची नोंद राहते. त्यातल्या २२१ प्रयोगांचं पुढे काय झालं हे त्यांनी शोधलं. ठळक निकाल मिळालेल्यांपैकी साधारण ६० टक्के जर्नलांत आले. काहीच फरक न सापडलेल्यांपैकी सुमारे २० टक्के. आणि खरी मेख पुढे आहे: निकाल शून्य लागलेल्यांपैकी जवळपास ६५ टक्के अभ्यास कुणी लिहूनच काढले नव्हते. म्हणजे संपादकाने नाकारण्याची वेळच आली नाही. संशोधकानेच त्याच्या मनातलं ओळखून कागद खणात टाकले. रायशेनबाखच्या दोन खान्यांमध्ये या खणाला कुठे जागा आहे, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

याने सिद्धांताचं काय होतं याचं एक उदाहरण देतो. स्वनियंत्रण हा मर्यादित साठा आहे, एका कामात मन आवरलं की पुढच्या कामासाठी तो कमी उरतो, हा सिद्धांत १९९८ पासून प्रचंड गाजला. २०१० मध्ये मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी त्यावरच्या १९८ चाचण्या एकत्र केल्या. परिणामाचं मान (परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा) निघालं ०.६२, म्हणजे भरभक्कम. समर्थनाच्या संदर्भात याहून जास्त काय मागायचं? मग २०१६ मध्ये त्याच हॅगर यांच्या पुढाकाराने २३ प्रयोगशाळांनी पद्धत आधी जाहीर करून, सगळे निकाल छापायचे असं ठरवून, दोन हजारांहून जास्त लोकांवर प्रयोग केला. मान आलं ०.०४. शून्यापासून वेगळं न काढता येण्याजोगं. तुमच्या हिशेबाने २०१० मध्ये हा सिद्धांत समर्थित होता की नव्हता? 'होता, पण पुरावा गाळीव होता' असं उत्तर असेल, तर मीही तेच म्हणतोय.

समाजशास्त्र खपवण्याच्या आरोपाबद्दल एकच सांगतो. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचा वस्तुनिष्ठतेवरचा १९०४ चा निबंध, ज्यात आदर्श-प्रारूपाची (वास्तवाशी तुलना करायला मुद्दाम रेखीव केलेल्या चित्राची) कल्पना उलगडते आणि ज्याशिवाय आपल्या विषयाचा अभ्यासक्रम सुरूच होत नाही, तो त्यांनी यफे आणि झोम्बार्ट यांच्यासह एका जर्नलचं संपादन हाती घेतलं तेव्हाचा आहे. आम्ही यापुढे काय छापणार आणि का, हे सांगता सांगता तो लिहिला गेला. तेव्हा संपादकीय धोरण आणि तत्त्वज्ञान यांचं सोवळं-ओवळं वेबरनीही पाळलं नव्हतं.

दुसऱ्या मुद्द्यातलं सोकल प्रकरण लवकर उरकता येईल. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांचा थट्टालेख १९९६ मध्ये 'सोशल टेक्स्ट'मध्ये आला तेव्हा ते जर्नल लेख बाहेरच्या रेफरींकडे पाठवतच नव्हतं. जी गोष्ट केलीच नाही ती ढिली होती, हे त्यातून कसं सिद्ध होणार? उलट कडक रेफरी काय करू शकतात हे बघायचं तर अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांचा जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दलचा लेख घ्या. विकणाऱ्याला मालाची खरी माहिती आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराचं काय होतं, हा त्याचा विषय. तो तीन जर्नलांनी परत केला. दोघांचं म्हणणं की यात विशेष काही नाही. तिसरीकडचा सूर असा की हे खरं असेल तर अर्थशास्त्रच वेगळं असायला हवं. १९७० मध्ये तो चौथ्या ठिकाणी आला आणि २००१ च्या नोबेलपर्यंत पोचला. यावरून रेफरी नकोत असं मी म्हणणार नाही. सिद्धांत ओळखण्याच्या कामी त्यांच्यावर किती भार टाकायचा, एवढंच मनात ठेवायचं.

पण या मुद्द्यामागची तुमची खरी शंका मला वेगळी वाटते. सिद्धांतांचा सुळसुळाट म्हटल्यावर मी सिद्धांतविरोधी आहे, नुसती आकडेमोड मागतोय, असं तुम्ही धरून चाललात. मला उलटंच म्हणायचं आहे. त्यासाठी पॉल मील यांच्याकडे जावं लागेल. स्वतः चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असलेल्या मील यांनी १९६७ मध्ये एक विरोधाभास दाखवला. (कुठे? 'फिलॉसॉफी ऑफ सायन्स' या तत्त्वज्ञानाच्या जर्नलात. रोगी एका इमारतीत, निदान दुसऱ्या.) भौतिकशास्त्रातला सिद्धांत नेमका आकडा सांगतो. उपकरणं सुधारली की चुकीला वाव कमी होतो आणि सिद्धांताला परीक्षा कठीण जाते. मानसशास्त्रातला सिद्धांत बहुधा इतकंच सांगतो की या दोन गटांत फरक असेल. आता माणसांच्या बाबतीत प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी थोडाफार संबंध असतोच. दोन गटांतला फरक अगदी काटेकोर शून्य कधीच नसतो. त्यामुळे माणसं वाढवा, मोजमाप सुधारा, फरक सापडणारच, आणि तो हव्या त्या दिशेने असण्याची शक्यता सिद्धांत साफ चुकीचा असला तरी निम्मी. म्हणजे जितकी काटेकोर पद्धत, तितकी परीक्षा सोपी! संशोधनाच्या कडकपणाबद्दल आपण जे काही शिकतो ते इथे उलटं फिरतं.

मला हा युक्तिवाद आजही या विषयातल्या कितीतरी जाड ग्रंथांपेक्षा जास्त कामाचा वाटतो. वरच्या उदाहरणालाच तो लावून बघा. २०१६ चा निकाल आल्यावर मूळ सिद्धांतकारांचा आक्षेप होता की प्रयोगासाठी निवडलेलं कामच बरोबर नव्हतं. असेलही. पण कुठलं काम साठा किती खर्च करतं हे सिद्धांताने आधी कुठे सांगितलं होतं? सांगितलं नव्हतं, आणि कुठल्या रेफरीने विचारलंही नव्हतं, कारण छापून येण्यासाठी त्याची गरज नव्हती. एक सार्थ फरक आणि एक आकर्षक नाव पुरेसं होतं.

व्यवस्थापनशास्त्रात तर प्रत्येक लेखात 'सैद्धांतिक योगदान' दाखवण्याची सक्ती इतकी वाढली की डोनाल्ड हॅम्ब्रिक यांनी २००७ मध्ये त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली: सिद्धांताचा मुलामा नसलेलं तथ्य, कितीही महत्त्वाचं असो, नावाजलेल्या जर्नलांत छापणंच अशक्य झालंय. मग लोक काय करतात? निकाल हाती आल्यावर त्याला शोभेल असं गृहीतक लिहितात आणि ते जणू आधीपासून होतं असं दाखवतात. नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्येच या प्रथेवर सविस्तर लिहिलं आहे. अशाने सिद्धांत वाढतात ते संख्येने. त्यातला कुठलाही एखादी गोष्ट घडणारच नाही असं छातीठोकपणे सांगत नाही. माझी मागणी आहे ती थोड्या पण अडवणाऱ्या सिद्धांतांची.

पूर्वनोंदणीने, म्हणजे गृहीतक आणि पद्धत प्रयोगाआधीच नोंदवून ठेवल्याने, हे सुटेल असं तुम्ही ओझरतं म्हटलंय. निकाल यायच्या आधीच लेख स्वीकारण्याची पद्धत 'कॉर्टेक्स' या जर्नलने २०१३ मध्ये आणली, आणि फरक दिसतो खरा: २०२१ च्या एका तुलनेत मानसशास्त्राच्या नेहमीच्या लेखांमध्ये ९६ टक्के वेळा पहिलं गृहीतक टिकलं होतं, अशा पूर्वस्वीकृत लेखांमध्ये ४४ टक्के. सगळा फरक छपाईचाच असेल असं नाही. तिथे लोक मुळात जास्त शंकास्पद गृहीतकं आणत असतील. पण टपालवाल्याबद्दलचा तुमचा विश्वास डळमळायला एवढं पुरे. मात्र काहीच न अडवणारं गृहीतक आधी नोंदवलं म्हणून ते अडवू लागत नाही. आणि एखाद्या वस्तीत दोन वर्षं राहून तिथल्या लोकांचं म्हणणं समजून घेणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने आधी काय नोंदवायचं, याचं उत्तर या पद्धतीकडे नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत दमदार वाटला. तो केनेथ गर्गन यांनी १९७३ मध्ये जोरात मांडला होता: सामाजिक मानसशास्त्र हा एक प्रकारचा इतिहास आहे, आणि सिद्धांत लोकांना कळले की लोकांचं वागणंही बदलतं. हे मानलं तर दोन गोष्टी ओघाने येतात. पहिली, सिद्धांत कुठल्या लोकांना, कुठल्या काळापर्यंत लागू आहे हे आधी सांगावं लागेल; प्रयोग फसल्यावर 'काळ बदलला' म्हणणं ही पळवाट झाली. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये दाखवलं की मानसशास्त्राच्या प्रमुख अमेरिकी जर्नलांतल्या ९६ टक्के नमुन्यांमधली माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, आणि तिथे जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. तरी मथळे मात्र 'माणूस' असं वागतो, 'मन' तसं चालतं, असेच. प्रत्येक लेखाने आपली हद्द स्पष्ट लिहावी अशी सूचना २०१७ मध्ये सायमन्स, शोडा आणि लिंडसे यांनी केली. साधा एक परिच्छेद, पण तो अजूनही बऱ्याच ठिकाणी लेखकाच्या मर्जीवर आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या पहिल्या मुद्द्यालाच जाऊन भिडते. सिद्धांत कळल्याने लोक बदलत असतील, तर तो त्यांच्यापर्यंत पोचतो कसा? छापून येऊन, पाठ्यपुस्तकात शिरून, धोरणात उतरून. म्हणजे प्रकाशन हे ज्या वास्तवाचा अभ्यास चाललाय त्यातच ढवळाढवळ करतं. समाज सिद्धांताने बदलतो हेही खरं आणि सिद्धांत छापण्याच्या व्यवस्थेचा त्याच्या खरेपणाशी संबंध नाही हेही खरं, या दोन विधानांना एकत्र नांदवायचं कसं, ते तुम्ही लिहिलंत तर वाचेन.