केंद्राचा पारा आणि माझी बाग

"विमा काढला की शेतकऱ्याची बाग सुरक्षित," हे पीक विम्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य केळीच्या बाबतीत खरं नाही. आमची बाग रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. केळीच्या हवामान आधारित विम्यात क्षेत्र ठरतं ते महसूल मंडळाचं, म्हणजे महसूल खात्याने केलेल्या काही गावांच्या गटाचं. तापमानाच्या भरपाईसाठी त्या मंडळाला नेमून दिलेल्या (संदर्भ) हवामान केंद्रात नोंदलेलं तापमान धरतात. माझ्या बांधावर काय झालं, ते कुणी बघत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचे घड सटकले, पानं करपली. केंद्रावरचा पारा मात्र सलग ठरलेले दिवस मर्यादेच्या वर राहिला नाही, म्हणून एक रुपया आला नाही. ओढ्यापलीकडचं मंडळ दुसरं, तिथल्यांना मिळाले. हप्ता दोघांनी सारखाच भरला होता!

गारपिटीचं वेगळं आहे. त्यासाठी जादा हप्ता भरून स्वतंत्र संरक्षण घेतलं, तर तुमच्याच शेताचा पंचनामा होतो, पण ७२ तासांत कळवावं लागतं. लेखात हा फरक यायलाच हवा होता. अर्ज भरताना आपलं मंडळ कोणतं आणि त्याचं केंद्र कुठे बसवलंय, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.