डाळभातावर मॅरेथॉन होत नाही म्हणे!

ठाण्यात येऊरचा चढ उतरून उपवनच्या तलावाशी आम्ही सगळे धापा टाकत थांबलो होतो, तेवढ्यात ग्रुपवर तो मेसेज पुन्हा येऊन पडला. ‘धावणाऱ्यांनो, सावधान!’ वर्षा मॅरेथॉनचा विषय निघाला की हा दरवर्षी उगवतो, टाकळ्यासारखा. या वेळी तो आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांनी टाकला होता आणि खाली मला टॅग केलं होतं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा. डाळीतली प्रथिनं अपूर्ण असतात, त्यामुळे अंडी-चिकन न खाणाऱ्या धावपटूचे स्नायू झडतात. पालेभाजीतलं लोह अंगी लागत नाही. दूध सोडलं की हाडं मोडतात. सोयाबीनने पुरुषांचं पुरुषपण जातं. भात-पोळी म्हणजे नुसती साखर. बी-१२ फक्त मांसात असतं, गोळ्या म्हणजे केमिकल. आणि शेवटी आव्हान : घासफूस खाऊन मोठा झालेला एक तरी धावपटू दाखवा! त्याखाली जोडलेले हात आणि प्रोटीन पावडरच्या एका डब्याची लिंक.

मी नौपाड्यात राहते, वय ४७, वजन ५८ किलो. घर आधीपासून शाकाहारी, सहा वर्षांपूर्वी मी दूध-तूपही सोडलं. आठवड्याला चाळीसेक किलोमीटर होतात. म्हणून उत्तर देते आहे. पण आधीच सांगते, मेसेज जिथे चुकलाय तिथे चुकलाय, आणि एक-दोन ठिकाणी आम्हा व्हीगन मंडळींचंही चुकतं. तेही लिहिणार आहे.

प्रथिनांपासून सुरू करू. ‘अपूर्ण’ या शब्दाने लोक घाबरतात. गहू-तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळी-कडधान्यांत मेथिओनिन कमी. दोन्ही खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरतं, आणि ते एकाच घासात असायलाही हवं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं की पुरे. वरणभात, भाकरी-पिठलं, खिचडी, इडली-सांबार : आपल्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण ताटात जोडी बरोबर पडत होती. इथे मेसेज साफ आपटतो.

पण एक दिवस मी वजनकाटा घेऊन बसले आणि वेगळाच घोटाळा सापडला. आमच्याकडे चौघांच्या आमटीला १०० ग्रॅम तूरडाळ लागते. म्हणजे माणशी २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम प्रथिनं. आणि मी मात्र वाटीभर आमटी प्यायले की ‘प्रोटीन झालं’ म्हणून मोकळी! सर्वसाधारण माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम हा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा आकडा आहे. लांब पल्ल्याचं धावणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. माझ्या हिशेबाने रोजचे ७० ते ९३. आमटीच्या भरवशावर ते जन्मात होणार नाहीत.

तेव्हा अडचण अपूर्ण प्रथिनांची नाही, पातळ आमटीची आहे. आता सकाळी ६० ग्रॅम मुगाची धिरडी (१४ ग्रॅम), दुपारी तीन पोळ्या (१०) आणि ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (११), चारच्या सुमाराला मूठभर शेंगदाणे (७), रात्री भात (५), चमचा उभा राहील अशी आमटी (९) आणि ३० ग्रॅम सोया चंक्सची भाजी (१५). बेरीज ७१. म्हणजे खालची पायरी कशीबशी गाठली. लाँग रनच्या दिवशी टोफू किंवा छोले वाढवते. सासूबाई म्हणतात, ‘डाळीची नासाडी चाललीय.’ चालू दे.

सोयाबीनचा मुद्दा आलाच आहे तर तो दोन ओळींत संपवते. सोयाबीनमधली आयसोफ्लेवोन्स ही इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी दिसतात, इस्ट्रोजेन नव्हेत. पुरुषांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या सोयाने टेस्टोस्टेरॉन हललं नाही. ग्रुपमधल्या तीन पुरुषांनी हा मुद्दा मला खासगीत विचारला होता, त्यांची नावं सांगत नाही.

लोहाचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि मी स्वतः त्यात तोंडघशी पडले आहे.

मांसातलं लोह आतडं सहज उचलतं, धान्य-भाज्यांतलं नखरे करून. इतकं खरं. पण ‘अंगी लागतच नाही’ हे खोटं. ते किती लागेल हे सोबत काय आहे त्यावर ठरतं. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व शोषण चांगलंच वाढवतं. कडधान्याला मोड आणले की लोह धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. मोडाच्या उसळीवर लिंबू पिळून खाणारी मामलेदार कचेरीजवळची गर्दी नकळत शहाणपणाचंच काम करत असते. फक्त नंतर लगेच चहा मागवते आणि पाणी फिरवते. चहा-कॉफीतले घटक लोहाला जखडून टाकतात. तासभर तरी अंतर हवं.

आणि आम्ही धावणारे काय करतो? उपवनला उतरलो की आधी टपरी. पोह्यांची बशी एका हातात, कटिंग दुसऱ्या. पोह्यांत लोह भरपूर, असं आपण शाळेपासून ऐकलं. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅम छापलेलं असायचं, २०१७च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ते साडेचारच्या आसपास आहे. बाजरी त्याहून वर, ६.४. शिवाय धावण्याचा स्वतःचा खर्च असतो : पावलांच्या आपटीने तळव्यांतल्या काही तांबड्या पेशी फुटतात, थोडं लोह घामातून जातं, आणि दमवणाऱ्या धावण्यानंतर तीन ते सहा तासांत हेप्सिडिन हे संप्रेरक चढतं, जे आतड्यातला लोहाचा दरवाजा लोटून घेतं. बायकांची पाळी वेगळीच.

चार वर्षांपूर्वी मला येऊरचा पहिला वळसाही चढवेना. हिमोग्लोबिन बरं होतं, म्हणून मी वयाला दोष दिला. डॉक्टरांनी फेरिटिन करायला सांगितलं, म्हणजे साठवलेलं लोह. आलं ९. मग गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिन्यांनी आकडा जागचा हलला नव्हता. ‘गोळी कशाबरोबर घेता?’ ‘चहाबरोबर.’ डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. नंतर एक दिवसाआड, सकाळी धावायच्या आधी, लिंबूपाण्याबरोबर. पुढच्या तपासणीला ३४. स्वतःच्या मनाने मात्र लोह सुरू करू नका, जास्त झालेलं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही.

मेसेजचा सूर असा की मांस खाल्लं की हा प्रश्नच मिटतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, आणि देशातल्या बहुसंख्य बायका कधी ना कधी मासे-मटण खातात. घरात सगळ्यात शेवटी जेवणारीच्या वाटीत रस्सा येतो, फोड येत नाही, हे कुणाच्या मेसेजमध्ये नसतं.

‘भात-पोळी म्हणजे नुसती साखर’ हे धावणाऱ्याला सांगणं म्हणजे रिक्षावाल्याला सीएनजी वाईट म्हणून सांगण्यासारखं आहे. तासाच्या वर धावताना जे जळतं त्यातला मोठा वाटा स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनचा, आणि ते येतं पिष्टातूनच. केनियाच्या धावपटूंच्या जेवणाची नोंद २००४ साली प्रसिद्ध झाली. तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा कर्बोदकांतून, मुख्य पदार्थ उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. ते व्हीगन नव्हते, दूध आणि थोडं मांस होतं, पण बहुतेक ऊर्जा वनस्पतींतूनच येत होती. धावताना मी तासाला ३०-४० ग्रॅम कर्बोदकं धरते : दोन-तीन मोठे खजूर नाहीतर मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि चिक्कीचा तुकडा. ठाण्याच्या दमट हवेत मीठ-साखर-लिंबाचं पाणी हवंच.

तंतुमय पदार्थांची मात्र आदल्या रात्री सुट्टी. एका शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी मोठ्या अभिमानाने चवळीची उसळ दोनदा घेतली होती. सहाव्या किलोमीटरला काय झालं ते विचारू नका. तेव्हापासून आदल्या रात्री मऊ भात आणि बटाट्याची भाजी.

हाडांच्या बाबतीत मी मेसेजला थोडे गुण देते. इंग्लंडमधल्या एपिक-ऑक्सफर्ड पाहणीत २०२० साली व्हीगन लोकांत फ्रॅक्चरचं प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं. हे आमच्यातले लोक सांगत नाहीत. वजन कमी, कॅल्शियम कमी, प्रथिनं कमी, ही त्यातली काही कारणं, सगळा फरक त्यांनीही भरून निघत नाही. तेव्हा दूध सोडलं तर त्या जागी काहीतरी आलंच पाहिजे. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, तिळात हजाराहून जास्त, पण तिळातलं सगळं लागत नाही. गरज रोज १००० मिलिग्रॅमची. नाचणीच्या दोन भाकऱ्यांत दोन-अडीचशे होतात. बाकीचं राजगिरा, शेवग्याचा पाला, कॅल्शियम घालून बनवलेला टोफू आणि कॅल्शियम घातलेलं सोया दूध यांतून जमवावं लागतं. ड जीवनसत्त्व चिकनमध्येही फारसं नसतं, त्यासाठी ऊन किंवा तपासून गोळी.

पण आमच्या ग्रुपमध्ये नडगीच्या हाडाला तडा गेला तो कुणाला? आठवड्यातून तीनदा सुरमई खाणाऱ्या तिशीतल्या मुलीला. बारीक व्हायचं म्हणून ती रात्री काकडी खाऊन झोपत होती आणि पहाटे पंधरा किलोमीटर पळत होती. पाळी पाच महिने आली नव्हती, ती त्याला ‘सोय’ म्हणायची. खर्चाच्या मानाने ऊर्जाच कमी पडली की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांची डागडुजी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला वेगळं नाव दिलं. वनस्पतिजन्य जेवणात हा धोका जरा जास्त, कारण पोट लवकर भरतं. कोशिंबिरीने ताट उंच दिसतं, पण उष्मांक नसतात. शेंगदाण्याचं कूट, खोबरं, तीळ, तेलाची धार : धावणाऱ्याने यात कंजुषी करू नये.

आता बी-१२. मेसेजचं अर्धं वाक्य इथे बरोबर आहे : वनस्पतींत भरवशाचं बी-१२ नाही. पण ते प्राणीही बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. गोळीतलं बी-१२ही जिवाणूंकडूनच बनवून घेतलेलं असतं. ते ‘केमिकल’ असेल तर मटणातलंही केमिकलच.

आमच्या बाजूच्या थापा याहून घातक आहेत. ‘स्पिरुलिना घे’, ‘आंबवलेल्या इडलीत असतं’, ‘भाज्या फार धुऊ नका’. मी दीड वर्ष स्पिरुलिनावर, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाच्या भुकटीवर काढलं. त्यात असतं ते बहुतेक बी-१२चं सोंग : दिसायला तसंच, पण आपल्या शरीराला न चालणारं. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, मी बुटांना दोष दिला. दोन जोड बदलले, एकदा अर्धा नंबर मोठा घेतला. तपासणीत बी-१२ निघालं १३५, दोनशेच्या खाली कमतरता धरतात. रक्त मात्र ठीक दिसत होतं, कारण हिरव्या भाज्यांतलं फोलेट रक्तातली खूण झाकून टाकतं आणि नसा आतून झिजत राहतात. इंजेक्शनांनी मुंग्या थांबल्या, डाव्या अंगठ्याचा थोडा बधिरपणा राहिला तो राहिलाच.

आणि दूध पिणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मध्यमवयीन पुरुषांत बी-१२ कमी सापडलं होतं. व्हीगन माणसाला रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. एकदम मोठी मात्रा घेतली की शरीर त्यातलं अगदी थोडं उचलतं, म्हणून आठवड्याचा आकडा एवढा मोठा. कमतरता आधीच असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील.

राहता राहिलं आव्हान. स्कॉट ज्युरेक हा अमेरिकन व्हीगन अल्ट्राधावपटू, वेस्टर्न स्टेट्सची १०० मैलांची शर्यत १९९९ ते २००५ सलग सात वर्षं जिंकला. शाकाहारी फौजासिंग यांनी २०११ साली टोरांटोत शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पूर्ण केली. नावं दिली, पण ज्युरेक जिंकला म्हणून माझा घाट सोपा होत नाही, हेही खरं. आणि त्या लिंकमधला डबा? व्हेचा. व्हे म्हणजे पनीर काढल्यावर उरतं ते पाणी वाळवून केलेली भुकटी. मांसाशिवाय स्नायू होत नाहीत म्हणणारा मेसेज शेवटी निवळी विकत होता.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांना मात्र वेगळा मेसेज केला. ते गेली अकरा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात आणि त्या औषधाने बी-१२चं शोषण कमी होतं, रोज अंडी खाल्ली तरी. गेल्या महिन्यात घोडबंदर रोडला धावताना ते दोनदा थांबून बूट झटकत होते, तळव्यांना वाळू टोचतेय म्हणत होते. बुटात वाळू नव्हती.

दिवसभर निळी खूण तशीच राहिली. रात्री साडेदहाला उत्तर आलं : ‘या टेस्टला उपाशीपोटी जावं लागतं का गं?’