‘इयत्ता बघा, पुस्तक द्या’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

भाऊ, सुट्टीत मुलांसाठी पुस्तकं कशी निवडावीत, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘एसीत बसून केलेला काथ्याकूट. इयत्ता बघायची, पुस्तक द्यायचं. बोटं मिटून मुलांची परीक्षा कशाला? आणि यादीत कविता कुठे आहेत?’

मत वेगळं असू द्या, पण हा सूर कशासाठी? नागपुरातल्या एका वाचनालयाचा बालविभाग मी वर्षानुवर्षं सांभाळते आहे. तिथं एसी नाही, आणि पुस्तक अर्धवट परत आणणारी मुलं रोज समोर उभी असतात. बोलण्याआधी एवढं तरी विचारायचं होतं.

कविता कमी होत्या, हे मान्य. वाढवते.

आता इयत्ता. सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० चा, आणि तो पहिली व सहावीपासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला. म्हणजे परराज्यातून आलेल्या, सीबीएसईच्या सहावीतल्या मुलीची मराठी नुकतीच सुरू झालेली असू शकते. शेजारच्या मराठी शाळेतली सहावीतली मुलगी जाड कादंबरी संपवते. दोघींना एकच पुस्तक द्यायचं? सीबीएसईच्या मुलीला हिंदीमुळे देवनागरी येते, पण ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ आले की ती थांबते. तिला मजकूर कमी हवा आणि विषय अकरा वर्षांच्या मुलीचा हवा : प्राणी, प्रयोग, चित्रकथा, नाटुकली. ससा-कासव दिलंत तर तिला अपमान वाटेल, आणि तो खराच असेल.

बोटांची पद्धत तुम्ही नीट वाचलीच नाही. मुलानं वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर पुस्तक सध्या जड. पण हा हिशेब साधारण शंभर शब्दांचा आहे. चित्रपुस्तकाच्या पानावर वीस-पंचवीसच शब्द असतात, म्हणून चार-पाच पानं सलग घ्यावी लागतात, तीही मधली. सुरुवातीची पानं बहुधा सोपी असतात. शिवाय अडणं दोन तऱ्हेचं. ‘उद्ध्वस्त’चं जोडाक्षर फुटलं नाही, पण आपण उच्चारल्यावर अर्थ लगेच कळला, तर पुस्तक योग्य आहे, फक्त कुणीतरी शेजारी बसावं. खरी फसगत दुसरीकडे होते. देवनागरी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे मूल घडाघडा वाचतं आणि समजलेलं काहीच नसतं. पुस्तक मिटून ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. ही परीक्षा नव्हे, भाऊ. हे न करता पुस्तक हातात कोंबणं मुलाला जास्त महागात पडतं.

‘वय ६ ते ८’ छापलेली दोन पुस्तकंही सारखी नसतात. वाक्य त्याच पानावर संपतं का, ते बघा. ओळी दाटीनं छापल्या असतील तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात आणि नवा वाचक ओळ चुकतो. प्रथम बुक्स हे मुलांच्या पुस्तकांचं प्रकाशन तर इयत्तेऐवजी चार पातळ्या लावतं : पहिलीत २५० पर्यंत शब्द, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत, चौथीत त्याहून जास्त. तोही काथ्याकूटच म्हणायचा का?

तुमच्या बाकीच्या शेऱ्यांत उत्तर देण्यासारखं काही नाही. जड निघालेलं पुस्तक मात्र मुलाकडून काढून घेऊ नका. मुलांना वाचता येतं त्याहून ऐकून बरंच जास्त कळतं. ते पुस्तक तुम्ही रोज थोडं थोडं मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्याच्या हातात दुसरं द्या.