नाक मुठीत धरून

गालांचं कौतुक मला सांगू नका. गालावर वस्तरा कुणालाही फिरवता येतो. कानशिलापाशी कातडी वर ताणायची, पातं साधारण ३० अंशांत टेकवायचं, की सर्र आवाज करत फेस उतरतो आणि आरशातल्या माणसाबद्दल आदर वाटू लागतो. हा आदर जबड्याच्या कडेपर्यंत टिकतो.

वस्तरा जुन्या बाजारातला, रविवारच्या गर्दीत घासाघीस करून आणलेला. आमचे सलूनवाले तो बघून म्हणाले, "साहेब, हे आम्ही कधीच सोडलं. आता अर्धं ब्लेड घालायचं, दाढी झाली की टाकून द्यायचं." पण त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा दगड होता. त्यावर धार काढून दिली आणि वर ताकीद दिली : पट्ट्यावर घासताना पात्याची पाठ पुढे, धार मागे. परतवायचा तोही पाठीवरच. नाहीतर धार जाईल आणि पट्टाही चिरेल. पट्टा म्हणून लग्नातला बेल्ट बाथरूमच्या कडीला टांगला. तसाही आता तो दुसऱ्या कशाला पुरत नव्हता.

हनुवटीपासून खरी परीक्षा. पातं सरळ, हनुवटी गोल, दोघांचं पटणं कठीण. त्यावर उपाय म्हणजे खालचा ओठ दातांवरून आत ओढायचा आणि पातं अगदी थोडं थोडं सरकवायचं. असा बोळक्या अवतारात उभा असताना सोसायटीचे काका मेंटेनन्सचं विचारायला आले. बाहेरून बायकोचा आवाज, "ते दाढी करताहेत." काका म्हणाले, "अजून?" त्या एका शब्दात अख्खी सदाशिव पेठ होती.

मग वरचा ओठ. डाव्या हाताने नाकाचा शेंडा वर धरायचा, उजव्या हाताने पातं नाकाखाली न्यायचं. नाक मुठीत धरून जगायची सवय ऑफिसने लावलेलीच आहे. फरक इतकाच, की तिथे वस्तरा समोरच्याच्या हातात असतो. माझ्या वस्तऱ्याचं टोक गोल आहे म्हणून नाकपुड्या शाबूत आहेत. चौकोनी टोकाचा घ्यावा असं ज्याला वाटतं, त्याने आधी नाकाशी बोलून घ्यावं.

गळ्याची तऱ्हाच वेगळी. गालावरचे केस लक्ष्मी रोडच्या वाहतुकीसारखे एका दिशेने जातात, गळ्यावरच्यांना दिशा ही संकल्पनाच मान्य नाही. काही खाली, काही आडवे, कानाखालचे तर चक्क वर. म्हणून आधी कोरड्या गळ्यावर बोटं फिरवून कुठे कसे उगवलेत ते बघायचं, आणि पहिला हात त्यांच्या कलानेच मारायचा. उलटा हात मारलात तर तुरटी जवळ असू द्या. ती रक्त थांबवते, पण त्याआधी तुमच्याकडून दोन-तीन देवांची नावं घेऊन टाकते.

मधोमध कंठमणी. त्याच्यावरून थेट जायचं नाही. कातडी बाजूला ओढून सपाट करायची आणि तिथे पातं चालवायचं. दुसरा मार्ग म्हणजे आवंढा गिळून तो तिथेच धरून ठेवायचा, म्हणजे मणी वर सरकतो आणि खालची जागा मोकळी होते. या अवस्थेत श्वास घेता येत नाही, बोलता तर मुळीच येत नाही.

नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरातून आलं, "पोळ्या किती करू?"

मी गप्प. पातं कंठाला टेकलेलं.

"विचारतेय मी!"

आमच्या घरी उत्तर न देण्याचा अर्थ एकच होतो. तिने क्षणभर वाट पाहिली आणि कुकर लावला.